स्पेकल्ड ससेक्स ब्रीडिंगसाठी कशी निवडायची, दोष कसे ओळखायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळणारे ओळखीतले मराठी लोक आणि महाराष्ट्रातून विचारणारे हौशी मित्र, दोघांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. खाली सगळं स्पेकल्ड ससेक्सबद्दल आहे पण दोष बघायची पद्धत बऱ्याच जड जातींना लागू पडते. माझं मत आधीच सांगून टाकतो, ठिपके सगळ्यात शेवटी बघायचे. ही जात बिघडते ती सुंदर ठिपक्यांच्या नादात हाडं न बघता कोंबडा ठेवल्यामुळे.

प्र. स्पेकल्ड ससेक्स म्हणजे नेमकी कुठली कोंबडी?

इंग्लंडच्या आग्नेय भागातली, ससेक्स, केंट, सरे या काउंट्यांमधली जुनी जड कोंबडी. १८४५ साली लंडनच्या झूमध्ये कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं त्यात ससेक्स किंवा केंट फाउल या नावाने हे पक्षी होते. ससेक्समधल्या हीथफील्ड गावाच्या आजूबाजूला कोंबड्या खाऊ घालून लठ्ठ करायच्या आणि रेल्वेने लंडनच्या बाजारात पाठवायच्या असा मोठा धंदा चालायचा, म्हणजे ही मुळात ताटातली कोंबडी, अंडी वरचा फायदा. ब्रीड क्लब १९०३ मध्ये निघाला, अमेरिकेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनात, स्पेकल्ड आणि रेड हे दोन रंग १९१४ ला घेतले आणि लाइट १९२९ ला. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की ज्या कोंबडीची ओळखच भरलेली छाती आणि रुंद पाठ ही आहे ती नुसत्या पिसांवर निवडायला लागलो तर पाच-सहा पिढ्यांत हातात फक्त ठिपके राहतात.

प्र. एक पीस कसं असलं म्हणजे बरोबर?

तीन रंग, आणि तिन्ही वेगवेगळे दिसले पाहिजेत. पिसाचा मुख्य भाग गडद महोगनी, म्हणजे जुन्या पॉलिश केलेल्या लाकडाचा तांबडा-तपकिरी, मग टोकाच्या अलीकडे काळा पट्टा आणि त्या काळ्यावर उन्हात हिरवी झाक, आणि एकदम टोकाला स्वच्छ पांढरा ठिपका. एक रंग दुसऱ्यात मिसळला, काळा पट्टा धुरकट झाला किंवा पांढरं राखाडी पडलं की ते पीस कमी दर्जाचं.

कोंबड्याच्या मानेवरची पिसं लांब असतात त्यामुळे तिथे महोगनीवर काळी रेघ आणि टोकाला पांढरं असं दिसतं. शेपटीत काळा आणि पांढरा. पंखाच्या मोठ्या पिसांत पांढरा, तपकिरी, काळा तिन्ही हवेत. पिसं फुंकून बाजूला केली की आतला मऊ भाग सलेटी आणि तांबूस दिसला पाहिजे, तिथे पांढरं जितकं कमी तितकं चांगलं. हे आतलं बघायला लोक विसरतात. आत पांढरा भरलेला पक्षी पुढच्या पिढीत बाहेरही पांढरा व्हायला लागतो असा माझा अनुभव आहे.

एक सोपी पद्धत म्हणजे पाठीवरचं, छातीवरचं आणि पंखाच्या वरच्या भागाचं गळलेलं एकेक पीस घ्यायचं, पांढऱ्या कागदावर ठेवायचं आणि दिवसाच्या उजेडात बघायचं. ट्यूबलाइटखाली महोगनी आणि साधा विटकरी यातला फरकच कळत नाही.

प्र. मग ठिपक्यांच्या आधी काय बघायचं?

शरीराचा आकार. पक्षी मोकळा सोडा, हात लावू नका, दहा मिनिटं नुसता चालताना बघा. बाजूने बघितलं तर ससेक्स लांबट चौकोनी दिसते, पाठ सपाट, छाती खोल, शेपूट साधारण ४५ अंशात वर. वरून बघितलं तर खांदे रुंद आणि ती रुंदी मागेपर्यंत जात असली पाहिजे. खूप पक्षी खांद्याला रुंद आणि मागे निमुळते असतात, कोंबडीत हा दोष जास्त जड धरा कारण अंडी तयार व्हायला लागणारी जागा मागेच असते. समोरून बघितलं तर दोन पाय एकमेकांपासून लांब, सरळ, गुडघे आत वळलेले नकोत. पाय जवळ जवळ असतील तर छाती अरुंद आहे समजा, पिसं कितीही फुगलेली असोत.

चाल पण बघा. जड पक्षी असला तरी पाय ओढत चालणारा, दोन पावलं टाकून बसणारा कोंबडा ब्रीडिंगला नको, त्याला कोंबडीवर नीट चढता येत नाही आणि अंडी रिकामी निघतात.

प्र. हातात घेऊन कशी तपासायची?

संध्याकाळी खुराड्यात बसल्यावर उचला, पक्षी शांत असतो. रंग मात्र सकाळी.

एक तळहात छातीखाली सरकवा, छातीचं हाड बोटांमध्ये येईल. ते लांब आणि सरळ असलं पाहिजे. मध्येच खाच किंवा वाक लागला तर लक्षात ठेवा, पण लगेच बाद करू नका, कारण कोवळ्या वयात अरुंद दांडीवर बसायला लागलेल्या पिल्लांचंही हाड वाकतं. एकाच जोडीच्या बऱ्याच पिल्लांत वाक आला, आणि बसायची जागा रुंद असूनही आला, तर मग रक्तात आहे म्हणायचं. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, सुरीच्या पात्यासारखं टोचायला नको.

मग पाठीवर अंगठा फिरवा, कुबड असेल तर पिसांत दिसत नाही पण अंगठ्याला लगेच लागतं. मग मागे दोन बारीक हाडं लागतील गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्यात दोन-तीन बोटं बसतात आणि हाडाची टोकं पातळ, लवचीक असतात. अंडी बंद असतील तेव्हा ती जवळ येतात, त्यामुळे हिवाळ्यात किंवा पिसं गळत असताना हे माप घेऊन कोंबडीला नावं ठेवू नका.

वजनाचं म्हणाल तर मोठा कोंबडा सुमारे ४.१ किलो आणि कोंबडी ३.२ किलो हा स्टँडर्डचा आकडा. वर्षाच्या आतले पक्षी त्याहून हलकेच असणार. पण मला वजनापेक्षा हातात घेतल्यावर ते कुठे आहे हे महत्त्वाचं वाटतं, पोटात चरबी साठलेली चार किलोची कोंबडी आणि छातीत भरलेली तीन किलोची यात मी दुसरी घेईन.

प्र. कुठले दोष दिसले की पक्षी थेट बाद करायचा?

माझी यादी अशी आहे, आणि यात मी सवलत देत नाही.

- चोच कात्रीसारखी वरखाली वाकडी
- शेपूट कायमची एका बाजूला कललेली, किंवा इतकी उभी की डोक्याच्या दिशेने झुकते
- पाठीला कुबड
- पंख उघडल्यावर मधली पिसं नसल्यामुळे दोन भाग झालेला पंख
- पायाच्या नळीवर किंवा बोटांच्या मधे पीस, अगदी खुंट असला तरी
- पाच बोटं (ससेक्सला चारच हवीत)
- एकेरी सरळ तुऱ्याऐवजी दुसरा कुठला तुरा, किंवा तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा काटा
- श्वसनाचा जुना आजार, शिंका, डोळ्यात फेस

पायाच्या खुंटाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण विकणारे तो उपटून देतात. अंगठा नळीवरून खालून वर उलटा फिरवा, मग बोटं फाकवून मधली कातडी बघा. उपटलेल्या जागी छोटं भोक दिसतं. हे कोंबडा घेताना नक्की करा, एक कोंबडा एका सीझनमध्ये शंभर पिल्लांचा बाप होऊ शकतो.

आजाराचं पण हलकं घेऊ नका. मायकोप्लाझ्मा आणि पुलोरम हे रोग आईकडून अंड्यातून पिल्लात जातात, म्हणजे बरी झालेली दिसणारी कोंबडी पुढच्या सगळ्या रवणीला, म्हणजे एका वेळी उबवलेल्या पिल्लांना, रोग देऊ शकते. कितीही सुंदर असो, ती ब्रीडिंग पेनमध्ये, म्हणजे निवडलेले पक्षी ठेवायच्या कप्प्यात, नको. शंका असेल तर व्हेटकडून रक्ताची टेस्ट करून घ्या.

प्र. कानपाळीत पांढरं दिसतंय, चालेल का?

ससेक्सची कानपाळी लाल. पक्कं, खडूसारखं पांढरं दिसलं तर मोठा दोष, कुठेतरी लेगहॉर्नसारख्या पांढऱ्या कानपाळीच्या जातीचं रक्त आलंय अशी शंका घ्या. म्हाताऱ्या किंवा थंडीत फिक्या पडलेल्या कोंबडीची कानपाळी सगळीच फिकट होते ते वेगळं, त्यात कडा धारदार नसतात.

प्र. पिल्लाची बोटं वाकडी आहेत. हे रक्तातलं का खाण्यातलं?

दोन्ही असू शकतं. बोटं आत मुठीसारखी वळली आणि पिल्लू टाचेवर बसायला लागलं तर बहुतेक बी-२, म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता, आईच्या खाण्यात कमी असेल तर पिल्लात येते आणि लवकर दिलं तर सुधारतं. इनक्युबेटरचं तापमान चुकलं किंवा खाली गुळगुळीत पेपर अंथरला तरी पाय बिघडतात, म्हणून पहिल्या दिवसापासून खरखरीत कापड किंवा भुसा. पण बोट बाजूला वळलेलं असेल, पिल्लू बाकी तंदुरुस्त असेल, आणि त्याच आईबापाच्या पुढच्या रवणीतही तसंच आलं तर ती जोडी तोडा. म्हणून तर पिल्लांवर खुणा करा म्हणतो, कुणाचं पिल्लू कुठलं हे माहीतच नसेल तर हा निर्णय घेताच येत नाही.

प्र. दोन्ही आईबाप पांढऱ्या पायाचे, पिल्लाचे पाय पिवळे निघाले. कसं काय?

कातडीचा पांढरा रंग प्रबळ आहे आणि पिवळा दबलेला, म्हणजे पिवळा पाय दिसायला पिल्लाला दोन्हीकडून पिवळा जीन मिळावा लागतो. एक जरी पिवळं पिल्लू निघालं की आईबाप दोघंही तो लपवून बसलेत हे शंभर टक्के नक्की झालं. मागे कधीतरी ऱ्होड आयलंड रेड वगैरे पिवळ्या पायाची जात घातलेली असते त्यातून हे येतं. काही लोक पिवळं पिल्लू काढून टाकतात आणि त्याच जोडीची अंडी परत लावतात, त्याने काही होत नाही कारण उरलेल्या पांढऱ्या पायाच्या तीन भावंडांतली सरासरी दोन तोच जीन घेऊन फिरतात. आईबापाची जोडी बदला, आणि नवीन कोंबडा स्वच्छ आहे का हे बघायला तो पिवळ्या पायाच्या कोंबडीवर घालून दहा-बारा पिल्लं काढा. एकही पिवळं नाही आलं तर बहुतेक स्वच्छ.

प्र. पिल्लांना ठिपके कधी येतात? माझ्या दोन महिन्यांच्या पिल्लांना धड काहीच नाही.

घाई करू नका, प्लीज. यातच सगळ्यात जास्त चांगले पक्षी हातचे जातात. एका रवणीतली पिल्लं सुद्धा सारखी नसतात, काही फिकट क्रीम, काही तपकिरी पट्ट्यांची, आणि या मऊ लवेवरून मोठेपणीचा रंग सांगता येत नाही. त्यानंतर येणारी पहिली पिसं पण विस्कळीतच, कुठे पांढरं जास्त, कुठे काळा पट्टाच नाही. मोठ्या पक्ष्याची खरी पिसं पाच-सहा महिन्यांच्या सुमारास पुरी होतात, तेव्हा पहिल्यांदा रंगावर बोलायचं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे पांढरं दर वर्षी वाढतं. प्रत्येक वेळी पिसं गळून नवी आली की ठिपका मोठा होऊन येतो, म्हणून पहिल्या वर्षी ज्या तलंगेला, म्हणजे तरुण मादीला, लोक "हिच्यात ठिपके कमी आहेत" म्हणून स्वस्तात देऊन टाकतात ती तिसऱ्या वर्षी अगदी नीट दिसते, आणि पहिल्या वर्षी जी झगमग करत होती ती तिसऱ्या वर्षी अर्धी पांढरी झालेली असते. मी तर पहिल्या वर्षी थोडी गडद असलेलीच धरतो.

साधारण टप्पे असे लक्षात ठेवा. अंड्यातून निघाल्यावर बेंबी, चोच, पाय. सहा ते आठ आठवड्यांना तुऱ्याचे जादा काटे, पायाचा रंग, पायावरची पिसं. चार-पाच महिन्यांना सांगाडा. सहा-सात महिन्यांना पहिला रंग. आणि दीड वर्षाचा होऊन एकदा पूर्ण पिसं टाकून नवी घेतल्यावर शेवटचा निर्णय.

प्र. मग पांढरं किती म्हणजे जास्त?

लांबून बघितल्यावर पक्षी तांबडा दिसला पाहिजे, पांढरा नाही. ठिपके सगळ्या अंगावर सारखे पसरलेले हवेत, मानेवर गर्दी आणि पाठीवर काहीच नाही असं नको. पंख उघडून मोठी पिसं बघा, ती अख्खी पांढरी निघाली तर पुढच्या दोन वर्षांत काय होणार ते तिथेच कळतं. चेहऱ्याजवळ आणि छातीवर पांढरे डाग जोडून ठिगळ झालं असेल तर मी तो पक्षी अंड्यांसाठी ठेवेन, ब्रीडिंगला नाही.

उलट बाजूही आहे. अगदी टिकलीएवढाच ठिपका, तोही राखाडी, आणि पट्टा इतका रुंद की पाठ काळीच दिसते, असा पक्षी दोन वर्षांचा झाला तरी सुधारला नाही तर तोही नको.

प्र. ठिपक्यांचा जीन कसा चालतो? साध्या तांबड्या कोंबडीवर स्पेकल्ड कोंबडा घातला तर?

ठिपक्याचा जीन दबलेला आहे, दोन प्रती लागतात. स्पेकल्डवर स्पेकल्ड घातला की सगळी पिल्लं स्पेकल्ड. साध्या तांबडीवर घातला तर पहिली पिढी जवळजवळ साधी, क्वचित एखाद-दुसरं पांढरं टोक. त्या पिल्लांची आपापसात जोडी लावली तर साधारण चारात एक ठिपकेदार, आणि तीच पिल्लं परत स्पेकल्डवर घातली तर निम्मी. म्हणजे शरीर सुधारायला लाइट ससेक्स, म्हणजे पांढऱ्या अंगाची ससेक्स, आणली तरी ठिपके हरवत नाहीत, दोन पिढ्या थांबायची तयारी पाहिजे. गडद महोगनी मात्र परत मिळवायला जास्त वेळ जातो कारण तो एका जीनचा खेळ नाही.

प्र. कोंबड्याची मान आणि पाठ पिवळट गवतासारखी दिसते. ऊन लागून झालं का?

उन्हाने महोगनी फिकी पडते हे खरं, उन्हाळ्याच्या शेवटी सगळेच पक्षी उडालेल्या रंगाचे दिसतात, म्हणून शरद ऋतूत नवी पिसं आल्यावर बघायचं. नवीन पिसंही पिवळट आली तर दुसरी शंका घ्या, लाइट ससेक्सचा सिल्व्हर जीन.

हा जीन लिंगाशी जोडलेला आहे आणि कोंबड्यांमध्ये नराकडे त्या गुणसूत्राच्या दोन प्रती, मादीकडे एकच. मादीत त्यामुळे काही लपत नाही, सिल्व्हर असेल तर तांबड्याच्या जागी सरळ पांढरा रंग दिसतो. नर मात्र एक सिल्व्हर एक गोल्ड (तांबडा) घेऊन मधलाच पिवळट रंग दाखवतो. असा कोंबडा ठेवलात तर त्याच्या निम्म्या मुली पांढऱ्या अंगाच्या निघतील. खात्री करायची असेल तर त्याच्या पंधरा-वीस मुली वाढवून बघा, नाहीतर सरळ दुसरा कोंबडा शोधा, मी दुसरं करतो.

याचा चांगला उपयोगही आहे बरं का. स्पेकल्ड कोंबडा लाइट ससेक्स कोंबडीवर घातला की मुली तांबूस आणि मुलगे फिकट निघतात, पहिल्याच दिवशी नरमादी ओळखता येतात. अंड्यांसाठी घरगुती पक्षी हवे असतील तर मस्त, पण ती पिल्लं पुढे ब्रीडिंगला वापरायची नाहीत.

प्र. काळ्या पट्ट्यावर जांभळी झाक आहे.

हिरवी हवी. एखाद-दुसऱ्या पिसात जांभळं असेल तर चालवून घेतो, सगळ्या अंगावर असेल तर हिरवी झाक असलेल्या जोडीदाराबरोबरच लावा. दोघंही जांभळे नकोत.

प्र. जोडी जमवताना काय नियम ठेवायचा?

एकच दोष दोघांत नको, हा पहिला. दुसरा, दोषाच्या विरुद्ध दोष लावून मधलं मिळेल अशी आशा करू नका. आखूड पाठीच्या कोंबडीवर फार लांब पाठीचा कोंबडा घातला की पिल्लं काही आखूड, काही लांब, काही मधली अशी विखुरतात. आखूड पाठीला योग्य पाठीचा जोडीदार हवा. रंगातही तसंच, जास्त पांढऱ्या कोंबडीला ठिपका नीट पण अंग गडद असा कोंबडा द्या, ठिपकेच नसलेला देऊ नका.

एका जड कोंबड्यामागे सहा ते आठ कोंबड्या पुरे. आणि कोंबड्याचा स्वभाव धरा, माणसावर धावून येणारा कोंबडा कितीही चांगला असला तरी मी ठेवत नाही, घरात लहान मुलं असणाऱ्यांनी तर अजिबातच नको. ससेक्स स्वभावाने गरीब आणि उत्सुक, पायात घोटाळणारी कोंबडी आहे, ती ओळख जपायला हवी. जातीत तोच गुण राहिला नाही तर एवढं सगळं कशासाठी करायचं.

तरुण कोंबडा वापरायचा असेल तर जुन्या माद्यांवर, आणि तलंगा धरायच्या असतील तर दोन वर्षांच्या कोंबड्याखाली. निदान एक बाजू तरी पूर्ण वयात पारखलेली राहते.

प्र. नात्यातले पक्षी लावले तर चालतं का?

थोडं चालतं, त्यानेच गुण पक्के होतात. बाप-मुलगी, काका-पुतणी असं लावतात. सख्खी भावंडं पिढ्यान् पिढ्या लावू नका. अंडी रिकामी जाणं, पिल्लं कवचात मरणं, वाढ मंद होणं ही लक्षणं दिसली की रक्त फार जवळ आलंय. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी तीन गट करावेत, प्रत्येक गटाच्या मुली त्याच गटात ठेवायच्या आणि दर वर्षी कोंबडे पुढच्या गटात सरकवायचे. बाहेरून पक्षी न आणता बरीच वर्षं निघतात. बाहेरचा कोंबडा आणलाच तर आधी महिनाभर वेगळा ठेवा, आणि एकदम सगळ्या कोंबड्यांवर घालू नका, दोन-तीनवर घालून पिल्लं बघा.

प्र. अंड्यांचा गुण कसा निवडायचा? दिसायला छान पण अंडी कमी असं झालंय.

ससेक्स चांगली चालली तर आठवड्याला चार-पाच अंडी देते, कवच क्रीम ते फिकट तपकिरी. कुठली कोंबडी किती देते हे माहीत असल्याशिवाय निवड होत नाही, दाराचं घरटं (कोंबडी आत गेली की दार बंद होणारं) करा किंवा दोन-दोन कोंबड्या वेगळ्या ठेवून मोजा. आणि कोंबड्याची निवड करताना त्याच्या आईची आणि बहिणींची अंडी विचारा, त्याच्या स्वतःच्या तुऱ्यावरून काही कळत नाही.

उबवायला ठेवताना फार लहान, लांबुडकी, पातळ कवचाची अंडी काढा. सात दिवसांच्या आतली घ्या, टोक खाली. खुडूक बसणाऱ्या ससेक्स भरपूर असतात, इनक्युबेटर नसला तरी अडत नाही, २१ दिवसांत काम होतं.

प्र. आमच्या गावात ठिपकेदार गावरान कोंबडी आहे. ती ससेक्स असेल का?

नाही, जवळजवळ नक्कीच नाही. ठिपके अनेक जातींत येतात. असीलमध्ये चित्ता नावाचा काळा-पांढरा रंग आहे, अँकोना काळ्यावर पांढरी ठिपकेदार असते, ज्युबिली ऑर्पिंग्टनचं पीस तर स्पेकल्ड ससेक्सच्या फार जवळ जातं, फक्त ती गोल आणि फुगीर. आणि बार्ड प्लायमाउथ रॉकला लोक ठिपकेदार म्हणतात तिला ठिपके नसतात, आडवे पट्टे असतात, तो जीनच वेगळा.

गावरान ठिपकेदार चांगली असेल तर तिलाच निवडून वाढवा ना. वरची सांगाड्याची सगळी तपासणी तिला लागू आहे, वजनाची अपेक्षा तेवढी कमी ठेवा. वनराजा, गिरिराजा मात्र वेगळी गोष्ट, ते मुद्दाम केलेले संकर आहेत, त्यांच्या पिल्लांत आईबापाचे गुण तसेच येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात जात पक्की करायचा प्रयत्न करू नका.

प्र. इंग्लंडहून येताना अंडी आणता येतील का?

बॅगेत टाकून अजिबात नाही. जिवंत पक्षी किंवा उबवायची अंडी भारतात आणायला सरकारची परवानगी, आरोग्याची कागदपत्रं सगळं लागतं, आणि बर्ड फ्लूमुळे नियम कडक आहेत ते योग्यच आहे. शिवाय चार किलोच्या, दाट पिसांच्या या पक्ष्याला विदर्भातला मे महिना झेपणं अवघड. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि जितकी जड तितका त्रास जास्त.

इथे पाळणाऱ्यांसाठीही सांगतो, इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून आणि स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. प्रदर्शनाला न्यायच्या आधी त्या वेळचे बर्ड फ्लूचे नियम बघा.

प्र. निवडीत बाद झालेल्यांचं काय करायचं?

हा प्रश्न विचारल्याबद्दल बरं वाटतं कारण पिल्लं काढायच्या आधीच याचं उत्तर तयार पाहिजे. दहातले एक-दोन पक्षी ब्रीडिंगला उरतात, आणि निम्मे तर कोंबडेच निघतात. रंगात कमी पडलेल्या कोंबड्या अंड्यांसाठी उत्तम, घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की ही ब्रीडिंगची नाही आणि का नाही. कोंबडे खाण्यासाठी, ही जात त्यासाठीच तर वाढली. चोच वाकडी किंवा पाय अधू असलेला पक्षी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. त्याला खाता-चालता येत असेल तर सांभाळा, हाल होत असतील तर व्हेटकडे न्या.

प्र. कोंबडा बदलला. नवीन कोंबड्याची अंडी कधीपासून धरायची?

जुना कोंबडा काढल्यावरही त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे सहज टिकतं, कधी जास्तही. म्हणून जुना काढल्यापासून निदान तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा आणि त्यानंतरची इनक्युबेटरला लावा. पहिल्या बॅचच्या अंड्यांवर पेन्सिलने पेनचा नंबर आणि तारीख लिहा, पिल्लं निघाली की त्याच दिवशी पायात रंगीत रिंग घाला, आणि पाय जाड होतील तशा रिंगा बदलत जा, नाहीतर मांसात रुततात.